लेडीज मशीन

आमच्या कंपनीत दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाहीत. जळके ट्रान्झिस्टर आणि किस्से. ट्रान्झिस्टर दर महिन्याला भंगारवाला घेऊन जायचा. किस्से कोण नेणार? ते राहिले. आता आम्ही जुन्या बायका कुठेही भेटलो की कुणीतरी म्हणतं, "यार, तो बिजलीवाला आठवतो?" आणि मग चहा थंड!

परवा कस्तुरबा गांधी मार्गावर एका हॉलमध्ये महिला उद्योजकांचा कार्यक्रम होता. स्टेजवर आमची नसीम. नसीम मुलाणी, मूळची साताऱ्याची, वाढली दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिचे अब्बा आणि माझे बाबा एकाच मंत्रालयात, आमचे दरवाजे समोरासमोर. पुढे तिने कंपनी काढली आणि मी तिची नोकर नंबर एक झाले. म्हणजे टेस्टिंग मी, फोन मी, आणि नसीमला जेवायची आठवण करून देणारीही मीच.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅम, टेक्नॉलॉजीत बाईला यशस्वी व्हायला नेमकं काय लागतं? तीन फॅक्टर्स सांगा ना."

नसीम म्हणाली, "गुडघे."

"जी?"

"गुडघे. दोन आहेत. तिसरा फॅक्टर सापडला की कळवते."

हॉल हसला. मी हसले नाही, कारण मला माझे गुडघे आठवले. आम्ही लिफ्टसाठी एक मशीन बनवायचो. लाइट गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकते ना, तर आमचं मशीन बॅटरीवर ती हळूहळू जवळच्या मजल्यावर आणून दार उघडायचं. हे मशीन बसवायचं लिफ्टच्या खोलीत. ती खोली गच्चीवर. आणि काम चालू असताना लिफ्ट बंद! तेव्हा गुडघे. पण त्या मुलीला तिसरा फॅक्टर हवा होता, आणि मला वाटतं तो असाच कुठेतरी खालच्या गोष्टींत सांडलेला आहे. तुम्हीच शोधा.

* * *

नसीम आधी एका लिफ्टच्या कंपनीत होती. घेतली इंजिनिअर म्हणून, बसवली फोनवर. "साइट पे लेडीज़ का क्या काम?" दिल्लीचा उन्हाळा, रोज लाइट जायची, रोज फोन वाजायचा. अमुक ठिकाणी माणूस अडकलाय, तमुक ठिकाणी बाई अडकलीय. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना धीर द्यायचा, ही तिची इंजिनिअरिंग!

सातव्या महिन्यात असताना ती स्वतःच अडकली. सोबत एक साहेब होते, सहा फूट उंच, हातात ब्रीफकेस. दहाव्या मिनिटाला साहेब रडायला लागले. नसीमने त्यांना खाली बसवलं आणि शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. ते एकवर पोचले की पुन्हा शंभर. पन्नास मिनिटं! बाहेर आली तेव्हा साडी पाठीला चिकटलेली, ओठ सुकलेले. घरी गेली नाही. टेबलाशी बसून मशीनचं ड्रॉइंग काढलं आणि बॉससमोर ठेवलं.

बॉस तिच्या पोटाकडे बघून म्हणाला, "मॅडम, पहले डिलिव्हरी कर लीजिए. डिवाइस-विवाइस बाद में देखेंगे."

नसीमने राजीनामा दिला. घरातल्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू केलं. नवरा आणि ती दोन महिने जमिनीवर बसून जेवले. पहिलं मशीन चाललं, त्यानंतर अकराव्या दिवशी मुलगी झाली. तिने हॉस्पिटलमधून बॉसला फोन लावला.

"सर, दोनों डिलिव्हरी हो गईं. डिवाइस पहले हुआ!"

* * *

नोएडाच्या एका सेक्टरमध्ये शेड मिळाली. आता थ्री-फेज कनेक्शन हवं. बिजलीच्या दफ्तरातला बाबू अर्ज चाळून म्हणाला, "पति के साइन लाइए."

नसीमचा नवरा सलीम म्हणाला, "दे इकडे, करतो सही. एका मिनिटाचं काम."

"खबरदार!" असं ओरडल्या आमच्या आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या, आयुष्यभर फायलींवर नोटिंग केलेलं. भाजी काय करायची विचारलं तरी 'विचारार्थ सादर' म्हणणार! अर्ज पर्समध्ये घालून त्या निघाल्या, मागे मी आणि नसीम.

"किस नियम में लिखा है?" आईंनी विचारलं.

"माताजी, ऐसा ही होता है."

"अच्छा. तो यही लिखके दीजिए. 'ऐसा ही होता है.' नीचे नाम, पद और तारीख."

बाबू हसला. आई खुर्ची ओढून बसल्या आणि विणकाम काढलं. तासभर झाला. बाबू लंचला गेला. परत येऊन बघतो तर आईंची खुर्ची त्याच्या टेबलाला लागलेली! तिसऱ्या तासाला त्याचे साहेब बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "माताजी, आप घर जाइए. कनेक्शन हो जाएगा."

आईंनी सुईवरचा टाका पुरा केला. मग वर बघितलं.

"लिखके दीजिए."

साहेबांनी लिहून दिलं! चौथ्या दिवशी लाइनमन हजर. सलीमची सही आजपर्यंत त्या कागदावर नाही.

* * *

सुरुवातीला फोन आला की हमखास एकच वाक्य. "किसी जेंट्स से बात कराइए."

मी समजावायचे की इंजिनिअर मॅडमच आहेत, मशीन त्यांनीच बनवलंय. तरी, "नहीं, टेक्निकल बात है. जेंट्स को दीजिए."

आमच्याकडे जेंट्स होते. एक! शर्माजी. आईंच्याच ऑफिसातून रिटायर झालेले, पॅकिंग बघायचे, आणि चहा इतका फक्कड करायचे की ते काम दुसऱ्या कुणाला करूच द्यायचे नाहीत. एक दिवस एकच गृहस्थ सकाळपासून चौथ्यांदा तेच म्हणाले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"सर, जेंट्स चाय बना रहे हैं. चाय के बारे में कुछ पूछना हो तो देती हूँ."

पलीकडे घसा खाकरला. मग हळूच, "अच्छा, मॅडम को ही दीजिए."

* * *

बिमलाला आम्ही झाडूपोछ्यासाठी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी नसीमने बघितलं, तर ही जमिनीवर सांडलेले मुगाएवढे पार्ट नखाने उचलून, रंगाप्रमाणे वेगळे करून वाटीत ठेवतेय. नसीमने झाडू काढून घेतला आणि हातात पार्ट डाग देऊन बोर्डावर जोडायचं सोल्डरिंग आयर्न दिलं. सहा महिन्यांत बिमलासारखा हात अख्ख्या सेक्टरमध्ये नव्हता.

एकदा एका मोठ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर टाय लावून तपासणीला आला. आमच्याकडून काम करून घ्यायचं का, ते ठरवणार होता. बिमलाच्या टेबलापाशी थांबला.

"आपकी क्वालिफिकेशन?"

"बटन," बिमला म्हणाली.

"जी?"

"छह साल बटन टाँके, साहब. एक्सपोर्ट का माल. एक कमीज़ वापस नहीं आई."

तो नसीमकडे बघून हसला. म्हणाला, आमच्याकडे हे काम डिप्लोमावाले करतात. आणि नमुन्यासाठी आणलेला त्यांचा बोर्ड टेबलावर ठेवला. बिमलाने भिंग लावलं. बोर्ड फिरवून बघितला. मग एका जागी नख लावलं आणि अगदी अलगद ढकललं. वायर निघून हातात आली!

"टाँका कच्चा था," ती म्हणाली. "बटन होता तो कमीज़ वापस आती."

काम मिळालं. त्या दिवसापासून आमच्याकडे 'सोल्डर जॉइंट' कुणी म्हणत नाही. टाका म्हणतात.

* * *

शेडच्या मागच्या खोलीत मुलं असायची. नसीमची, माझी, बिमलाची दोन, आणि पुढे जसजशा बायका वाढल्या तसतशी त्यांची. खोली आईंच्या ताब्यात. हजेरीपटासकट! तिथे त्या सगळ्यांना एकच पाढे शिकवायच्या, मराठीतून. बिहारची पोरं 'बे एके बे' म्हणायची, आणि दिल्लीत जन्मलेला माझा मुलगा विचारायचा, "आजी, 'बे' मतलब?"

एक खरेदी अधिकारी शेड बघायला आले. आतून पाढ्यांचा गलका. त्यांनी तोंड वाकडं केलं. "फॅक्टरी में बच्चे? ये तो घर जैसा हो गया."

आई दारात आल्या. "साहब, बच्चे फॅक्टरी में नहीं हैं. फॅक्टरी बच्चों के बग़ल में है."

त्या काळात आसपासच्या शेडमधून बायका मूल झालं की काम सोडून जायच्या. आमच्याकडची एकही गेली नाही.

* * *

हा छोटा आहे. एका लग्नात सलीमच्या दूरच्या काकांनी त्याला गाठलं. आजूबाजूला नातेवाईक, काकांचा आवाज मोठा. "काय रे, तुझी बायको लिफ्ट दुरुस्त करते म्हणे?"

सलीम ताटातला कबाब मोडत म्हणाला, "नाही काका. लिफ्टसाठी मशीन बनवते. दुरुस्त मला करते!"

* * *

पानिपतला हातमागाच्या मालाचं एक चार मजली दुकान होतं. त्यांच्या लिफ्टला मशीन बसवायला नसीम, मी आणि बिमला गेलो. जाताना नसीमने टॅक्सी काला अंबकडे, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाकडे, वळवायला लावली. लहानपणी दर संक्रांतीला तिचे अब्बा आम्हा क्वार्टरमधल्या मुलांना बसने तिथे न्यायचे. स्मारकापुढे ती पाच मिनिटं उभी राहिली, आणि मग म्हणाली, "चल, काम आहे."

दुकानाचे मालक लालाजी गच्चीवर आमच्यासोबतच आले. दोन नोकर आणि मुनीमही आले. बायका काम करताना बघायच्या होत्या ना! लालाजींनी बिल वाचलं.

"मुलाणी? ये कहाँ का नाम हुआ?"

"महाराष्ट्र का, लालाजी."

"अच्छा, आप मराठे लोग!" लालाजी खूश झाले. मुनीमकडे बघून डोळा मिचकावला. "मराठे तो यहाँ आके हार गए थे!"

गच्ची हसली. माझ्या कानशिलाला झिणझिण्या आल्या. आत्ताच तर आम्ही तिथून आलो होतो. नसीम मात्र पेटीतले स्क्रू आवळत होती. शेवटचा स्क्रू आवळला, बॅटरीवर झाकण बसवलं, हात पुसले.

"हाँ लालाजी, उस बार बॅकअप टाइम पे नहीं पहुँचा था." तिने पेटीवर थाप मारली. "इस बार साथ लेके आए हैं."

खाली आलो तेव्हा लस्सी लालाजींनी स्वतः आणून दिली.

* * *

आता जो सांगते तो हसायचा नाही. निदान सुरुवातीला नाही.

एका जूनमध्ये आमचं मशीन फेल झालं. दिल्लीतली एक सोसायटी, दुपारची वेळ, लाइट गेली आणि मशीन जागंच झालं नाही. आत एक आजी होत्या, सत्तरीच्या, एकट्या. चाळीस मिनिटं! आम्ही टॅक्सीने धावलो, तोवर चौकीदाराने दार उचकटून त्यांना काढलं होतं. पायऱ्यांवर बसल्या होत्या, चेहरा लालबुंद. नसीम त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माँजी, ग़लती हमारी है. मशीन मैंने बनाई है."

आजी एका शाळेच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस निघाल्या. पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "फेल हुई हो, निकाली नहीं गई हो. सप्लीमेंट्री दो." दिल्लीत नापासांच्या फेरपरीक्षेला सप्लीमेंट्री म्हणतात.

दोष सापडला. रिलेचा एक लॉट, म्हणजे बॅटरीकडे वीज वळवणारा जो छोटा खटका असतो ना, तो गच्चीवरच्या उन्हात चिकटत होता. मी म्हटलं, "नसीम, फेल एकच झालंय. ज्यांची तक्रार येईल त्यांचा बदलू."

"सगळ्यांचा बदलायचा. आणि का बदलतोय ते पत्रात लिहायचं."

"अगं, बाजारात बोंब होईल!"

"होऊ दे. मला त्या आजींचा चेहरा पुन्हा नाही बघायचा."

ऐन जूनमध्ये आम्ही बायका दिल्ली, नोएडा, गाझियाबाद अशा एकेक गच्च्या चढलो. पत्र्याच्या त्या खोल्यांमध्ये पाना धरवत नव्हता. बिमला ओला पंचा डोक्यावर टाकून खटके बदलायची, मी मशीन तपासायचे, नसीम सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी खायची. सगळे बदलले. आणि बोंब झालीच! एका प्रतिस्पर्ध्याने बाजारभर पसरवलं, "लेडीज़ मशीन है जी, भरोसा मत करना. गर्मी में चक्कर आ जाता है."

मी रडले. खोटं कशाला सांगू? नसीमने ते ऐकलं, छापखान्यात गेली, आणि संध्याकाळी स्टिकरचा गठ्ठा घेऊन आली. लाल अक्षरं, बोटभर उंच. लेडीज मशीन. त्यानंतर प्रत्येक पेटीवर तो स्टिकर लागला. ती म्हणाली, "नाव त्याने ठेवलंय, फुकटात. छपाई आपली."

दोन उन्हाळे एकही मशीन फेल झालं नाही. मग ग्राहक स्वतःच फोनवर विचारायला लागले, "मॅडम, वो लेडीज़वाली ही आएगी ना?"

* * *

आता चढ्ढासाहेब.

ही त्या दोन उन्हाळ्यांच्याही आधीची, बोंब अगदी ताजी असतानाची गोष्ट. चढ्ढासाहेब बिल्डर. नोएडात चौदा मजल्यांचे तीन टॉवर बांधलेले, प्रत्येकात दोन लिफ्ट. एकदम सहा मशीनची ऑर्डर! आधीच सांगून टाकते, ऑर्डर आम्हालाच मिळाली आणि काम चोख झालं. पण किस्सा तो नाही.

लांबलचक टेबल. पलीकडे चढ्ढासाहेब आणि त्यांचे चार मॅनेजर, अलीकडे नसीम आणि मी. नसीमने तासभर ड्रॉइंग समजावलं. चढ्ढासाहेबांनी ड्रॉइंगकडे एकदाही बघितलं नाही. ते अंगठीशी खेळत होते.

"मॅडम, वो सब ठीक है. पहले ये बताइए, आपके पीछे कौन है?"

"मतलब?"

"मतलब कोई तो होगा. हस्बंड, फादर, कोई बड़ी पार्टी. कल को मशीन फेल हो गई, तो मैं पकड़ूँगा किसको?"

चारही मॅनेजर हसले. नसीमने फाइल मिटली.

"चलिए सर, लिफ्ट में चलते हैं."

पहिल्या टॉवरमध्ये आदल्याच दिवशी आम्ही नमुन्याचं मशीन बसवलं होतं. नसीमने त्यांच्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "भैया, जब मर्ज़ी हो, मेन स्विच गिरा देना. हमें बताना मत."

आत शिरलो आम्ही पाच जण. चढ्ढासाहेब, दोन मॅनेजर, नसीम आणि मी. मशीनमध्ये नवे खटके होते. शेडमध्ये मी ते शेकडो वेळा तपासले होते. पण इथे, या गच्चीवरच्या भट्टीत, पहिल्यांदाच. आज फेल झालं तर शेड बंद, बिमला घरी, मागची खोली रिकामी, हे मला आणि नसीमला दोघींना माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

लिफ्ट चौदाव्या मजल्यापर्यंत गेली. काही झालं नाही. खाली आली. काही नाही. पुन्हा वर निघाली. चढ्ढासाहेबांनी घड्याळ बघितलं, मॅनेजरला काहीतरी जोक सांगायला लागले.

धाड्!

मिट्ट काळोख. पंखा बंद. जोक अर्धाच राहिला.

आमच्या मशीनला जागं व्हायला दहा सेकंद लागतात. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. कुणाचा तरी श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. चार, पाच. "हे भगवान," कुणीतरी पुटपुटलं. सहा, सात. कपड्याची सळसळ झाली. आठ. नऊ.

दहा.

काही नाही.

आणि मग वर कुठेतरी 'टक्' झालं. लिफ्ट एकदा शहारली आणि हळूहळू, अगदी हळूहळू खाली सरकायला लागली. छतातला आमचा छोटा दिवा लागला.

त्या उजेडात मी बघितलं. नसीम दाराकडे तोंड करून ताठ उभी होती. तिच्या मागे चढ्ढासाहेब, डोळे गच्च मिटलेले, आणि नसीमच्या ओढणीचं टोक त्यांच्या दोन्ही मुठींत!

नसीमने मान वळवली नाही. लिफ्ट थांबली, दार उघडायला लागलं, तेव्हा म्हणाली,

"सर, आप पूछ रहे थे ना, मेरे पीछे कौन है? इस वक़्त तो आप हैं."